शेप्सीचा वाडगा : प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर

दिवाळी आटोपली. मामांच्या पणत्या संपल्या आणि संक्रांतीच्या सुगडांची घाई अजून महिनाभर तरी लांब आहे. चाक मोकळं मिळणार ते याच दिवसांत, म्हणून कामाला आजपासून सुरुवात.

प्राचीन इजिप्तमधली लेख असलेली पाच मातीची भांडी निवडायची, त्यांच्या नकला मामांकडे घडवायच्या, मूळ मजकूर मूळ लिपीत वर उतरवायचा, आणि शेजारी मराठी अनुवाद ठेवून हे सगळं गावच्या वाचनालयात मांडायचं, असा बेत आहे. गेली सहा वर्षं मी इजिप्तची जुनी भाषा शिकते आहे. चित्रलिपी बऱ्यापैकी येते. हिएरॅटिक, म्हणजे तिथल्या लेखनिकांची भरभर लिहायची मोडी म्हणू या, अजून चाचपडत वाचते.

पहिली अडचण तासाभरातच समोर आली. माझ्या यादीत पाचही वस्तूंपुढे ‘मृत्पात्र’ असं लिहिलेलं होतं. मामांनी यादी ऐकून घेतली आणि म्हणाले, “मृत्पात्र म्हंजी काय गं? गाडगं का मडकं? परळ का वाडगा? घडवायचं काय ते सांग.”

मला सांगता येईना. माझं आजोळ कुंभाराचं. बोळकं, गाडगं, मडकं, घागर, डेरा, रांजण, परळ, सुरई हे शब्द लहानपणापासून कानावर पडलेले, आणि तरी मी संग्रहालयाच्या इंग्रजी नोंदीवरून एक संस्कृत शब्द उचलून सगळीकडे चिकटवला होता. यादी परत केली. दोन वाडगे, एक दोन कानांची निमुळत्या बुडाची सुरई, काही तांबडी गाडगी आणि एका डेऱ्याची खापरी. भांड्याला नाव मिळाल्याशिवाय वरच्या मजकुराला हात लावायचा नाही, असं ठरवलं.

२० नोव्हेंबर

दिवस मातीत गेला.

इजिप्तच्या कुंभाराकडे मुख्यतः दोन माती. एक नाईलच्या पुरानं आणलेला गाळ : काळपट, लोहाचा अंश भरपूर, भाजल्यावर तांबूस-तपकिरी. दुसरी वाळवंटाच्या कडेची चुनखडी मिसळलेली माती : भाजल्यावर फिकट पिवळसर, कधी हिरवट छटेची, अंगानं घट्ट. रोजच्या वापराची बहुतेक भांडी गाळाची. वाइनच्या सुरया बऱ्याचदा दुसऱ्या मातीच्या, कारण त्यातून कमी पाझरतं. १९८० साली व्हिएन्नात अभ्यासकांनी एकत्र बसून या मातींची वर्गवारी केली. नाईलच्या गाळाला अ, ब, क असे गट आणि चुनखडीच्या मातीला तसेच वेगळे. आजही खापरी हातात आली की आधी तिचा ताजा तुटलेला काठ भिंगाखाली बघून गट ठरवतात.

मामांची माती तळ्यातली. गाळाला ती जवळची, म्हणून चालेल. पण मामा सवयीनं तिच्यात घोड्याची लीद मिसळायला लागले तेव्हा मी हात धरला. आपला पहिला वाडगा इजिप्तच्या जुन्या राज्याच्या अखेरीचा, साधारण ४२०० वर्षांपूर्वीचा. त्या काळी इजिप्तमध्ये घोडाच नव्हता. तो पाच-सहा शतकांनी आला. तिथले कुंभार गाळात बारीक कापलेला पेंढा घालत. खापरीच्या काठावर जळालेल्या काडीच्या पोकळ रेघा दिसतात त्या त्याच. मामांनी लीद बाजूला ठेवली आणि गव्हाचा भुसा चाळून घेतला. “घोडं न्हवतं तर मग ओझं कशावर न्यायचे?” त्यांनी विचारलं. गाढवावर, म्हटलं. त्यांना ते पटलं. आजोबांचीही गाढवं होती.

२३ नोव्हेंबर

चार वाडगे काढले. मामांचं चाक जड आहे. काठीनं एकदा घुमवलं की बराच वेळ गरगरत राहतं. जुन्या राज्यातलं चाक तसं नव्हतं. एका हातानं फिरवायचं, दुसऱ्यानं घडवायचं. शिकागोच्या संग्रहालयात निकाउइनपू नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातली चुनखडीची छोटी मूर्ती आहे, पाचव्या राजवंशाच्या काळातली. कुंभार उकिडवा बसलाय, पुढ्यात बुटकं चाक, आणि त्याच्या बरगड्या दिसताहेत. मोबाइलवर तिचा फोटो मामांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. “पोटात काय न्हाई बिचाऱ्याच्या,” एवढंच म्हणाले.

मग त्यांनी आपणहून काठी बाजूला ठेवली आणि डाव्या हातानं चाक सावकाश ओढत शेवटचा वाडगा काढला. काठ किंचित वाकडा आला, भिंत एका बाजूला जाड राहिली. चौघांतला हाच जवळचा वाटतोय.

२५ नोव्हेंबर

एक वाडगा वाळताना तडकला. उरले तीन. तिन्हींना गेरूचा हात दिला आणि गुळगुळीत गोट्यानं घोटले.

२७ नोव्हेंबर

मजकुराचा दिवस. भांड्याला नाव मिळालंय, आता त्याच्या आत शिरता येईल.

वरच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या, इजिप्तमध्ये काव नावाचं ठिकाण आहे. गाय ब्रंटन यांनी १९२०च्या दशकात तिथे खोदकाम केलं, आणि ७६९५ क्रमांकाच्या थडग्यात हा वाडगा मिळाला. आज तो लंडनच्या पेट्री संग्रहालयात आहे. शेप्सी नावाच्या माणसानं आपल्या मेलेल्या आईबापांना त्यावर लिहिलंय. आतल्या बाजूनं बापाला, बाहेरच्या बाजूनं आईला.

अशा मजकुरांना अभ्यासक ‘मृतांना लिहिलेली पत्रं’ म्हणतात. १९२८ साली ॲलन गार्डिनर आणि कुर्ट झेटं यांनी ती पहिल्यांदा एकत्र छापली तेव्हा हा प्रकार ठळकपणे पुढे आला. आजवर सापडलेली संख्या जेमतेम वीसएक. काही कापडावर, काही पपायरसवर, पण बरीचशी वाडग्यांवर. कारण उघड आहे. थडग्यापाशी मेलेल्यासाठी अन्न ठेवायचं ते वाडग्यात. तो जेवायला येणार, वाडगा रिकामा होणार, आणि तळाशी आपलं लिहिलेलं त्याच्या नजरेला पडणार. जेवणासाठी येणाऱ्याच्या हाती चिठ्ठी पोचवायची याहून खात्रीची जागा नाही.

मला ‘पत्र’ हा शब्द जरा खटकतो. पत्र कुणालाही जातं, आणि त्यात खुशालीही असते. इथे खुशाली नाही. घरावर काहीतरी आलंय, त्यामागे कुणा मेलेल्याचा हात आहे असा संशय आहे, आणि घरातल्याच दुसऱ्या मेलेल्यानं मध्ये पडून न्याय करावा अशी मागणी आहे. कोकणात देवासमोर, मूळपुरुषासमोर घालतात त्याला आपण काय म्हणतो? गाऱ्हाणं. मराठी पाटीवर मी ‘शेप्सीचं गाऱ्हाणं’ असंच लिहिणार.

आईला लिहिलेला भाग आज पुरा उतरवला :

“शेप्सी आपल्या आईला, इयला, सांगतो. आठवण करून देतोय : तू मला, तुझ्या लेकाला, म्हणाली होतीस, ‘माझ्यासाठी लावे आण, मी खाईन.’ आणि मी, तुझ्या लेकानं, तुला सात लावे आणून दिले, आणि तू ते खाल्लेस. आता तुझ्या डोळ्यांदेखत माझं वाईट होतंय का? माझी पोरं खिन्न आहेत, मी तुझा लेक आजारी आहे. मग तुला पाणी कोण घालील?”

पुढे भावाचं नाव येतं : सोबेकहोतेप. शेप्सीनं त्याला दुसऱ्या गावाहून आणून आपल्या गावात, आपल्या माणसांच्या थडग्यांत पुरलं, पुरताना वस्त्रं दिली. आणि आता तोच मेलेला भाऊ शेप्सीला छळतोय. का छळतोय? मी तर वावगं काही बोललो नाही, केलं नाही. आई, तू माझा नि त्याचा निवाडा कर.

सात लावे. मी इथे बराच वेळ थांबले. माणूस आजारी आहे, मुलांचं काही ठीक नाही, आणि आईपुढे पुरावा म्हणून तो एका दिवसाचं जेवण काढतो. ‘मी तुझी सेवा केली’ असं मोघम नाही म्हणत. पक्षी कुठला ते सांगतो आणि आकडा देतो.

२९ नोव्हेंबर

‘तू’ की ‘तुम्ही’ यावर दोन दिवस अडले आहे.

जुन्या इजिप्शियन भाषेत समोरच्या एकट्या माणसाशी बोलताना पुरुषासाठी वेगळा प्रत्यय आणि बाईसाठी वेगळा. त्यामुळे वाडग्याचा कुठलाही तुकडा उचलला तरी हे आईला की बापाला ते कळू शकतं. मराठीत सर्वनामाला ती सोय नाही. मात्र मराठीत आदर दाखवावा लागतो, आणि तो त्यांच्या व्याकरणात नाही. म्हणजे जे त्यांनी सांगितलंय ते मला सर्वनामात मांडता येत नाही, आणि जे त्यांनी सांगितलं नाही ते मला ठरवावंच लागतं.

आईला ‘तू’, यात शंका नाही. बापासाठी मी आधी ‘तू’ लिहिलं होतं, मूळाशी इमान म्हणून. मामांना वाचून दाखवलं. “बापाला अरे-तुरे करून गाऱ्हाणं घालतंय व्हय? मग कशाला ऐकंल तो?” त्यांचं बरोबर आहे. वाचनालयात येणाऱ्या कुणालाही शेप्सी उद्धट वाटेल, आणि तो तसा नाही. आतल्या बाजूला ‘बाबा, तुम्ही’, बाहेरच्या बाजूला ‘आई, तू’. एकाच वाडग्याला दोन आवाज आले. मुळात तो फरक प्रत्ययात होता, माझ्याकडे तो आदरात आला. मला हे योग्य वाटतं.

‘पाणी घालील’ हेही मुद्दाम. ‘तर्पण’ लिहिलं की वाचकाला लगेच तीळ आणि दर्भ दिसणार. ते विधी त्यांचे नाहीत. पाणी मात्र तेच आहे.

२ डिसेंबर

आवा लावला. गोवऱ्या, पाचट, वर खापरांचं झाकण. नाईलच्या गाळाची भांडी साधारण ६०० ते ८०० अंश सेल्सियसला भाजलेली असतात, मामांचा आवाही तेवढ्याच्या आसपास जातो. इजिप्तमध्ये उभ्या भट्ट्या होत्या. खाली जाळ, वर भांडी. सक्कारा इथल्या, ‘ती’ नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात भिंतीवर कुंभारांची कामं कोरलेली आहेत, त्यात भट्टी दिसते.

४ डिसेंबर

तीनपैकी दोन वाडगे सुरेख तांबडे. तिसऱ्याला एका कुशीवर काळा डाग, कारण तिथे हवा पोचली नाही. लोह तेच. हवा मिळाली तर तांबडं, कोंडलं तर काळं. नाईलकाठचे फार जुने कुंभार हेच मुद्दाम करायचे. राजवंशांच्या आधीच्या, नकादा म्हणतात त्या काळातली तांबड्या अंगाची, काळ्या तोंडाची भांडी यातूनच झाली. डागाचा वाडगा सरावाला घेते.

७ डिसेंबर

शाईची तयारी. काजळी, बाभळीचा डिंक, पाणी. नाईलकाठची बाभूळ आणि आपली बाभूळ एकाच जातीची. मामांच्या बांधावरच्या झाडाचा डिंक बिनदिक्कत वापरला. लेखणीसाठी लव्हाळ्याची काडी. टोक तिरपं कापायचं आणि दातांनी चावून धागे मोकळे करायचे, म्हणजे बारीक कुंचला होतो. बोरूसारखी चिरलेली कलम तिकडे ग्रीकांबरोबर आली, फार उशिरा. शेप्सीच्या काळी कुंचलाच.

आधी फुटक्या खापऱ्यांवर सराव. घोटलेल्या खापरीवर रेघ नेमकी बसते. न घोटलेल्यावर शाई आत ओढली जाते आणि रेघेला मिशा फुटतात. गेरू आणि घोटाई शोभेसाठी करतात असं मला वाटायचं.

मग डागाच्या वाडग्यात आत लिहायला घेतलं, आणि सगळं बिघडलं. कागदावर हात टेकतो. इथे मनगट काठावर अडकतं, बोटं तळाशी पोचेपर्यंत कुंचला उभा राहत नाही, आणि हाताची सावली नेमकी अक्षरावर पडते. उभ्या ओळी काठाजवळ ऐसपैस सुरू होतात आणि तळाकडे एकमेकींवर चढतात. तिसऱ्या ओळीला तळहात लागून दुसरी पुसली. ओल्या फडक्यानं सगळं धुऊन काढलं (काजळी धुतली जाते, फक्त करडी छाया राहते) आणि पुन्हा.

चौथ्या खेपेला कळलं की हात हलवायचाच नाही. वाडगा मांडीत घ्यायचा, डाव्या हातानं बोटभर फिरवायचा, उजवा हात जागच्या जागी. दूर बसून बघणाऱ्या मामांना यात नवल वाटलं नाही. चाकावर ते हेच करतात. लेखनिकाचा आणि कुंभाराचा हात वाडग्याच्या आत एकाच पद्धतीनं चालतो, हे कुठल्या छापील नकलेत दिसलं नसतं.

१० डिसेंबर

पहिला चांगला वाडगा आतून पुरा झाला. गार्डिनर-झेटं यांच्या नकलेवरून अक्षर न् अक्षर जुळवलं. एका ठिकाणी माझी चूक निघाली, तिथे खरवडून पुन्हा लिहिलं. बाहेरची बाजू सोपी गेली.

दुसरा वाडगा कैरोच्या संग्रहालयातला, बाराव्या राजवंशाच्या काळचा. देदी नावाची बाई मेलेल्या अंतेफला विचारते : घरातली मोलकरीण आजारी आहे, तिच्यासाठी तू रात्रंदिवस का झगडत नाहीस? तुझा उंबरठा ओस पडावा असं वाटतं का? मोलकरीण गेली तर घर मोडेल, आणि घर मोडलं तर तुला पाणी घालणारं कोणी उरणार नाही. शेप्सीनं घातलेला पेच तोच इथेही. हा उद्या लिहिते.

१३ डिसेंबर

सुरई. हिच्याबद्दल थोडक्यात, कारण नक्कल मनासारखी झालेली नाही. निमुळतं बूड उभं राहीना, शेवटी मामींनी काथ्याची चुंबळ वळून दिली. तिकडेही अशा भांड्यांना खाली कड्यासारखी बैठक लागायची.

१९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर यांना तुतनखामूनचं थडगं सापडलं, त्यात वाइनच्या सुरया होत्या. २६ सुरयांवर खांद्यापाशी हिएरॅटिकमध्ये नोंद आहे. मी घेतली ती अशी : “वर्ष ५. पश्चिम नदीकाठच्या, तुतनखामून (आयुष्य, समृद्धी, आरोग्य असो) याच्या मळ्यातली वाइन. मुख्य द्राक्षबागायतदार खआ.” कुठल्या साली, कुठल्या मळ्यात, कुणी. पश्चिम नदी म्हणजे नाईलचा त्रिभुज प्रदेशातला पश्चिमेचा फाटा. काही नोंदींत ‘गोड’ असा शेरा आहे. रंग मात्र कुठेच लिहीत नाहीत. तो कळला २००४ साली. मारिया रोसा ग्वाश-हाने आणि सहकाऱ्यांनी सुरईच्या आतल्या वाळलेल्या थरात तांबड्या द्राक्षांच्या रंगद्रव्याची खूण शोधली.

नाशिकच्या द्राक्षबागायतदारांची पेटीवरची चिठ्ठी मी पाहिली आहे. खआला ती अर्ध्या मिनिटात वाचता आली असती, लिपी सोडून.

१६ डिसेंबर

तांबडी गाडगी करायची नाहीत असं ठरवलं. कारण लिहून ठेवते.

इजिप्तच्या राजसत्तेनं तांबड्या भांड्यांवर शत्रूंची नावं लिहून ती फोडायची रीत पाळली. इजिप्तच्या दक्षिणेला असलेल्या नूबियातले सरदार, पूर्वेकडची गावं, त्यांचे वीर, त्यांचे धावपटू, त्यांचे साथी, जे बंड करतील, कट करतील, लढण्याचा नुसता विचारही करतील ते सगळे. बर्लिनमधल्या अशा खापऱ्या झेटं यांनी १९२६ साली छापल्या. नूबियात मिर्गिस्साच्या किल्ल्यापाशी फ्रेंच पथकाला १९६२ मध्ये अशाच फोडलेल्या तांबड्या भांड्यांचा मोठा साठा मिळाला.

आपल्याकडे ‘खापर फोडणे’ म्हणतात, आणि स्मशानात मडकं फोडतात. मी मामांना सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, “फोडायसाठी मडकं मी देतो. मयताला देतोच की. पर कुनाचं नाव लिहून न्हाई द्यायचो.” त्यावर मी काही बोलले नाही. वाचनालयात या भांड्यांचा फोटो आणि माहिती राहील, नक्कल राहणार नाही.

१८ डिसेंबर

शेवटची वस्तू : लाल समुद्राकाठचं कुसैर अल-कदीम, म्हणजे रोमन काळातलं मायोस होर्मोस बंदर. साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या उत्खननात तिथे एका साठवणीच्या भांड्याच्या खापऱ्या मिळाल्या, आणि त्यांवर तमिळ-ब्राह्मी अक्षरं. जुन्या लेखांचे अभ्यासक इरावतम महादेवन यांनी ती वाचली : ‘पानै ओऱि’. दोरीच्या जाळीत टांगलेलं भांडं.

इतक्या दिवसांत भांड्यानं स्वतःचं नाव सांगितलेलं हे एकच. इंग्रजीत ‘दोरीच्या जाळीत टांगलेलं’ असं चार शब्दांत समजावून द्यावं लागतं. पाटीवर मी एकच शब्द लिहिला : शिंक्यावरचं. मामींच्या स्वयंपाकघरात आढ्याला अजून शिंकं आहे, दह्याचं गाडगं मांजरापासून वाचवायला. पाटी वाचून त्यांनी मान डोलावली, समजावून सांगावं लागलं नाही.

२१ डिसेंबर

मांडणीवर वाद. वाचनालयाच्या बाईंना वाडगे काचेच्या कपाटात हवे होते, सुरक्षित म्हणून. पण कपाटात ठेवलेल्या वाडग्याची बाहेरची बाजू कुणी वाचणार कशी? मी म्हटलं, या नकला आहेत, फुटल्या तर मामा दुसऱ्या करून देतील. शेप्सीचा वाडगा टेबलावर उघडा ठेवू, आणि पाटीवर लिहू : ‘उचलून पाहा.’ त्या तयार झाल्या.

आधी घरी करून पाहिलं. मामींनी वाडग्यात मूठभर ज्वारीच्या लाह्या घातल्या. बापाचं गाऱ्हाणं दिसेनासं झालं. मग त्या एकेक लाही खात गेल्या आणि काठाकडून ओळी उघड्या पडत गेल्या, आधी काठाजवळचं नाव, मग मधला भाग, मग तळाशी शेवट. संपल्यावर त्यांनी वाडगा डोळ्यांच्या उंचीला धरून सावकाश फिरवला आणि माझ्या वहीतला आईचा भाग पुटपुटत वाचला. लाव्यांपाशी आल्या आणि थांबल्या.

“सात?” त्या म्हणाल्या. “इतक्या दिवसांनी मोजून सांगतोय म्हंजी पोरगं लईच घायकुतीला आलं असंल.”

दुसरा चांगला वाडगा उद्या आव्याजवळ उन्हात ठेवून देदीच्या ओळी पुऱ्या करायच्या. सुरईचं बूड पुन्हा काढायचं, पण ते सुगडं संपल्यावर.